घरच्यांसोबत सफर : कॅनडाच्या गवताळ मुलखात



शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी एक यादी पाठ केली होती. आशियात स्टेप्स, दक्षिण अमेरिकेत पंपास, आफ्रिकेत व्हेल्ड, ऑस्ट्रेलियात डाउन्स आणि उत्तर अमेरिकेत प्रेअरी. परीक्षेत जोड्या लावल्या, गुण मिळाले आणि यादी विसरली गेली. आता त्याच यादीतल्या शेवटच्या नावाच्या मुलखात आपल्या कितीतरी घरांतली मुले नोकरीला आहेत. कॅल्गरी, एडमंटन, रेजायना ही नावे आता भिवंडी, मिरज आणि रत्नागिरीच्या घरांतही ओळखीची झाली आहेत. उन्हाळ्यात अम्मी-अब्बा नातवंडांकडे जातात. आम्हाला येणाऱ्या पत्रांत त्यांचा एक प्रश्न वारंवार असतो : बॅन्फचे डोंगर आणि तळी पाहून झाली, आता लहान-मोठ्या सर्वांनी मिळून काय पाहावे?

आमचे उत्तर असे की, गाडी डोंगरांकडे पाठ करून पूर्वेला आणि दक्षिणेला न्या. तिथे अल्बर्टा आणि सस्कॅचेवान प्रांतांचा सपाट, गवताळ मुलूख पसरलेला आहे. "तिथे आहे काय पाहायला?" असे तिथलेच लोक विचारतील. पण चित्रपटवाल्यांना तिथे पुष्कळ काही दिसले, आणि मुलांनाही दिसेल. शिवाय या मुलखाशी मुसलमान घरांचे एक जुने नाते आहे. ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

डायनासोर आणि दगडांचे खांब

मुले बरोबर असतील तर सुरुवात ड्रमहेलरपासून करावी. कॅल्गरीहून ईशान्येला सुमारे दीड तासाचा रस्ता. दोन्ही बाजूंना सपाट शेते असतात आणि अचानक जमीन खचल्यासारखी खाली उतरते. रेड डिअर नदीने कोरलेली ही दरी. मातीचे थर करडे, तपकिरी, लालसर, जणू केक कापून ठेवला आहे. १८८४ मध्ये जोसेफ टिरेल नावाचा तरुण भूगर्भतज्ज्ञ इथे कोळशाचे थर शोधत फिरत होता. त्याला एका मांसभक्षक डायनासोरची कवटी सापडली. पुढे त्या प्राण्याला अल्बर्टोसॉरस हे नाव मिळाले, आणि १९८५ मध्ये उघडलेल्या संग्रहालयाला टिरेलचे.

रॉयल टिरेल संग्रहालयात अर्धा दिवस सहज जातो. तिथली एक वस्तू चुकवू नये. २०११ मध्ये फोर्ट मॅकमरेच्या खाणीत यंत्र चालवणाऱ्या कामगाराला एका चिलखती डायनासोरचा सांगाडा लागला. नुसती हाडे नव्हेत, तर त्याची कातडी आणि पाठीवरचे खवलेही दगड होऊन टिकले आहेत. काचेपलीकडे तो झोपल्यासारखा दिसतो. गावात २६ मीटर उंचीचा एक डायनासोरही आहे. आतून १०६ पायऱ्या चढून त्याच्या जबड्यात उभे राहता येते. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली बाकावर बसून हात हलवावा. गावाबाहेर हूडू नावाचे दगडी खांब आहेत. वाऱ्या-पावसाने मऊ खडक झिजला, पण डोक्यावरचा कठीण दगड टोपीसारखा राहिला, म्हणून ते उभे आहेत. मुलांनी त्यांच्यावर चढू नये, ते फार ठिसूळ असतात.

पडद्यावर पाहिलेली गावे

कॅल्गरीच्या दक्षिणेला तासाभराच्या आत हाय रिव्हर हे छोटे गाव येते. 'हार्टलँड' ही घोड्यांच्या आणि एका कुटुंबाच्या गोष्टींची मालिका २००७ पासून या परिसरात चित्रित होत आली आहे. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहावी अशी ती आहे. मालिकेतले मॅगीज डायनर गावाच्या मुख्य भागात दिसते. मात्र मालिकेतले कुरण खाजगी जमिनीवर आहे, तिथे शिरू नये. १९८३ च्या 'सुपरमॅन ३' मधले स्मॉलव्हिल गाव म्हणजेही हे हाय रिव्हर. १९७८ च्या पहिल्या 'सुपरमॅन' मध्ये क्लार्क केंट ज्या सोनेरी शेतांत लहानाचा मोठा होतो, ती शेतेही दक्षिण अल्बर्टातलीच.

मोठ्या मुलांनी ख्रिस्तोफर नोलनचा 'इंटरस्टेलर' (२०१४) पाहिला असेल. त्यातले शेतघर आणि मक्याचे रान याच मुलखातले. नोलनने संगणकावर शेत न दाखवता डोंगरांच्या पायथ्याजवळ सुमारे ५०० एकर मका खरोखर लावला, आणि चित्रीकरणानंतर उरलेले पीक विकले. चित्रपटात धुळीची जी वादळे येतात, त्यांच्यामागेही खरा इतिहास आहे. १९३० च्या दशकात इथे वर्षानुवर्षे पाऊस पडला नाही. नांगरलेली माती वाऱ्यावर उडाली आणि हजारो कुटुंबे शेते सोडून गेली. त्याच्याही आधी, १८५७ ते १८६० दरम्यान पाहणी करणाऱ्या जॉन पॅलिसरने या भागाचा एक मोठा त्रिकोण शेतीस अयोग्य ठरवला होता. पण १८७२ च्या कायद्याने दहा डॉलरच्या फीवर १६० एकर जमीन देऊ केली होती. एवढी जमीन इतक्या स्वस्तात मिळत असताना पॅलिसरचे कोण ऐकणार?

सस्कॅचेवानमध्ये रेजायनापासून जवळच रूलो हे खेडे आहे. 'कॉर्नर गॅस' (२००४ ते २००९) या विनोदी मालिकेतले डॉग रिव्हर ते हेच. लोक मालिकेतला पेट्रोलपंप शोधत अजून जातात, पण तो २०१६ मध्ये पाडला गेला. ज्या धान्यकोठारावर 'डॉग रिव्हर' असे रंगवले होते, ते २०२१ मध्ये जळून गेले. रेल्वेरुळांच्या कडेला उभी असणारी ही उंच लाकडी कोठारे एके काळी प्रेअरीची खूण होती. १९३० च्या दशकात ती साडेपाच हजारांहून अधिक होती, आता फार थोडी उरली आहेत. वाटेत एखादे दिसले तर दोन मिनिटे गाडी थांबवावी. पुढच्या सफरीला ते असेलच असे नाही.

गव्यांचा कडा

फोर्ट मॅक्लाउड या जुन्या गावाजवळ, सुमारे १८ किलोमीटरवर, 'हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप' नावाची जागा आहे. १९८१ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. ब्लॅकफूट लोक आणि त्यांचे पूर्वज सुमारे सहा हजार वर्षे इथे बायसनची शिकार करत. बायसन म्हणजे तिथला रानगवा. घोडे नव्हते, बंदुका नव्हत्या. दगडांच्या रांगा रचून, लांडग्याची किंवा वासराची कातडी पांघरून ते कळपाला हळूहळू कड्याकडे नेत आणि शेवटी दौडत ठेवत. कड्याखाली हाडांचा थर सुमारे ११ मीटर खोल आहे. जागेच्या नावामागे ब्लॅकफूट लोकांची एक गोष्ट सांगतात : एक तरुण शिकार जवळून पाहावी म्हणून कड्याच्या पोटाशी उभा राहिला, वरून पडणाऱ्या प्राण्यांखाली सापडला आणि त्याचे डोके चेचले गेले.

मुलांना ही गोष्ट आवडेल, पण तिथेच थांबू नये. शिकारीतले मांस, चरबी, कातडी, हाडे, शिंगे, सारे वापरात येई. वाळवलेल्या मांसात चरबी आणि रानबोरे कुटून पेमिकन करत, ते महिनोन् महिने टिके. हे हजारो वर्षे चालले तरी गवे संपले नव्हते. पुढे बंदुका, रेल्वे आणि कातड्याचा बाजार आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोट्यवधींचे कळप जवळजवळ नाहीसे झाले. ज्यांचे अन्न, वस्त्र आणि घर त्या प्राण्यावर होते, ते लोक उपाशी पडले. १८७७ मध्ये ब्लॅकफूट आणि शेजारच्या जमातींनी करारावर खुणा केल्या, राखीव जमिनींत गेले. त्यानंतर त्यांची मुले निवासी शाळांत नेली गेली. तिथे त्यांची भाषा, नाव आणि नमन करण्याची रीत काढून घेतली गेली. २०१५ मध्ये कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. कॅल्गरीच्या पूर्वेला सिक्सिका लोकांनी स्वतः उभारलेले ब्लॅकफूट क्रॉसिंग हे केंद्र आहे. त्यांची गोष्ट त्यांच्याच तोंडून तिथे ऐकता येते.

पृथ्वीवर फिरा आणि आधी होऊन गेलेल्यांचे काय झाले ते पाहा, अशी शिकवण आपल्याला मिळाली आहे. ज्या जमिनीवर आपली मुले आज घरे घेत आहेत, तिथे कोण राहत होते हे त्यांना ठाऊक असणे हा त्या शिकवणीचाच भाग आहे, असे आम्हाला वाटते.

दोन दिवस अधिक असतील तर सस्कॅचेवानच्या दक्षिण टोकाला ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यान गाठावे. २००५ च्या अखेरीस तिथे बायसन परत आणले गेले, आता ते मोकळ्या रानात चरतात. त्यांच्यापासून किमान १०० मीटर दूर राहावे, असा नियम आहे. बिळांतून डोके काढून शिट्टीसारखा आवाज करणारे प्रेअरी डॉग लहान मुलांना फार आवडतील. रात्री इथे दिव्यांचा उजेड नसतो. मुंबईच्या मुलाने आयुष्यात पाहिले नसतील इतके तारे डोक्यावर येतात.

एडमंटनची लाकडी मस्जिद

आता त्या जुन्या नात्याविषयी.

कॅल्गरीच्या उत्तरेला ३०० किलोमीटरवर एडमंटन. तिथल्या फोर्ट एडमंटन पार्कमध्ये जुन्या काळातले रस्ते, दुकाने, ट्राम असे सारे पुन्हा उभे केले आहे. त्यातच एक लहानशी मस्जिद आहे. अल रशीद, कॅनडातली पहिली मस्जिद, १९३८ साली बांधलेली. तिचे घुमट पाहून कुणालाही चर्चची आठवण होईल. कारण ती बांधणारा कंत्राटदार युक्रेनियन होता. त्याला पूर्वेकडच्या पद्धतीची चर्चे बांधणे माहीत होते, मस्जिद त्याने कधी बांधली नव्हती.

काळ तोच, धुळीच्या वादळांचा आणि मंदीचा. गावात मुसलमान घरे मोजकी, बहुतेक लेबनॉन-सीरियाकडून आलेली, फेरीवाले आणि व्यापारी. मस्जिदीसाठी पुढाकार घेतला तो बायकांनी. हिलवी हमदून या लेबनॉनमधून आलेल्या बाई त्यांच्यात पुढे होत्या. त्या थेट महापौर जॉन फ्राय यांना भेटल्या आणि जमीन मागितली. बांधकामाला पैसे आहेत का, असा प्रश्न आला. मग बायका दुकानोदुकानी फिरल्या. मुसलमानांनी दिले, ख्रिस्ती आणि यहुदी दुकानदारांनीही दिले. आज एडमंटनमधल्या एका सरकारी शाळेला हिलवी हमदून यांचे नाव आहे.

१९३८ च्या डिसेंबरात मस्जिद उघडली, त्या वेळी एक पाहुणे हजर होते : अब्दुल्ला युसुफ अली. कुरआनचा ज्यांचा इंग्रजी अनुवाद आपल्या कितीतरी घरांत कपाटात आहे, तेच. त्यांचे शिक्षण आपल्या मुंबईत, विल्सन कॉलेजात झाले होते. मुंबईत शिकलेला माणूस, लेबनॉनच्या बायकांची जिद्द, युक्रेनी कारागिराचा हात आणि शेजाऱ्यांचे पैसे. या मस्जिदीला एवढे सारे लागले.

पुढे वस्ती वाढली, मोठी मस्जिद झाली आणि १९८० च्या दशकात जुनी इमारत पाडण्याची वेळ आली. ती वाचवण्यासाठी कॅनडातल्या मुस्लिम स्त्रियांच्या संघटनेची एडमंटन शाखा उभी राहिली. निधी जमवला, अर्ज-विनंत्या केल्या, इमारत उचलून पार्कमध्ये आणली. १९९२ मध्ये ती पुन्हा उघडली. बायकांनी उभी केलेली मस्जिद पन्नास वर्षांनी बायकांनीच वाचवली.

'लिटल मॉस्क'चे गाव

रेजायनाच्या पूर्वेला सुमारे ७० किलोमीटरवर इंडियन हेड हे गाव आहे. १८८२ चे गोल दगडी कोठार तिथे नव्याने बांधून ठेवले आहे. याच गावात 'लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी' या मालिकेची बाहेरची दृश्ये घेतली गेली. आतली दृश्ये टोरोंटोकडे चित्रित झाली. जानेवारी २००७ ते एप्रिल २०१२ अशी ती सहा हंगाम चालली. मर्सी नावाच्या काल्पनिक गावातले मूठभर मुसलमान चर्चचा हॉल भाड्याने घेऊन नमाज पढतात, एवढीच तिची गोष्ट. दहशतीच्या बातम्यांनी भरलेल्या त्या वर्षांत पडद्यावरचा मुसलमान प्रथमच शेजाऱ्याशी हुज्जत घालणारा, मुलीच्या लग्नाची काळजी करणारा, रमजानच्या चंद्रावरून भांडणारा साधा माणूस म्हणून दिसला.

मालिका लिहिली झरका नवाझ यांनी. मूळ पाकिस्तानी घराण्यातल्या, रेजायनात राहणाऱ्या. त्यांनी २००५ मध्ये मस्जिदीतील स्त्रियांच्या जागेवर एक माहितीपटही केला होता. मालिकेच्या सुरुवातीच्याच एका भागात हाच वाद आहे : नमाजच्या हॉलमध्ये बायकांपुढे आडपडदा घालावा की नाही? एक बुजुर्ग हट्टाला पेटतो, डॉक्टर असलेली तरुणी त्याच्याशी भांडते, आणि इमाम दोघांच्या मध्ये सापडतो. हसता हसता प्रेक्षक विचारात पडतो. सगळे विनोद सर्वांना रुचतील असे नाही. पण तरुण मुलांबरोबर बसून पाहावी आणि नंतर चहावर बोलावे, अशी ती आहे.

सफरीतल्या लहान-मोठ्या गोष्टी

जाण्याचा काळ जून ते ऑगस्ट. दुपारी ऊन कडक आणि सायंकाळी गारपीट, असे एकाच दिवशी होऊ शकते. गवतात फिरताना पाय झाकलेले असावेत, गोचिड्या असतात. दक्षिणेकडच्या रानात रॅटलस्नेकही असतो.

खाण्याचे मोठ्या शहरांत अवघड नाही, हलाल दुकाने भरपूर आहेत. छोट्या गावांत मात्र अंडी, मासे, भाज्या यांवर भागवावे. बायसन हा प्राणी हलाल असला तरी हॉटेलातल्या बायसन बर्गरचे मांस जबीहा असतेच असे नाही. तिथल्या सस्कटून बेरीची पाय फार चविष्ट, पण पायच्या कवचात डुकराची चरबी घालण्याची जुनी रीत आहे, तेव्हा विचारून घ्यावी. शेकोटीवर भाजण्याचे मार्शमेलो घेतानाही जिलेटिन कशाचे आहे ते पाहावे. शिजवलेल्या वालाच्या डब्यातही डुकराचे मांस असू शकते.

नमाजच्या वेळा आपल्यासारख्या नाहीत. जूनमध्ये एडमंटनला सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि पहाटे पाचच्या सुमारास उगवतो. काळोख पूर्ण पडतच नाही. ईशा आणि फजरसाठी स्थानिक मस्जिदीचे वेळापत्रक पाळावे. किब्लाही वेगळा. आपण इथे पश्चिमेकडे तोंड करतो. कॅल्गरी-रेजायनात मात्र उत्तरेकडे, पूर्वेला झुकून. मुलांना हे पटत नाही. त्यांच्या हाती पृथ्वीगोल आणि दोरा द्यावा. कॅल्गरीपासून मक्केपर्यंत दोरा ताणला की तो उत्तरेकडून वळसा घेत जातो. दहा मिनिटांत भूगोलही होतो आणि समजूतही.

वाटेत नमाज पढायला उद्यानांतली सहलीची बाके, पेट्रोलपंपामागचे गवत, संग्रहालयाचा शांत कोपरा, सारे चालते. विचारले तर लोक जागा दाखवतात.

हे लिहिताना एक गोष्ट मनातून जात नाही. सफरीला निघालेल्या आपल्या बायकांना नमाजची जागा कुठे मिळते? दूरच्या प्रेअरीतली गोष्ट राहू द्या. मुंबई-गोवा रस्त्यावर, पुणे-सोलापूर रस्त्यावर गाडी थांबते. पुरुष मस्जिदीत जातात, बायका गाडीत बसून राहतात किंवा ढाब्याच्या मागे चादर अंथरतात. वुजूला आडोसा नसतो. २०१९ मध्ये पुण्याच्या एका दाम्पत्याने स्त्रियांच्या मस्जिद-प्रवेशाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. २०२३ मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही न्यायालयाला सांगितले की स्त्रियांना मस्जिदीत नमाज पढण्यास परवानगी आहे. परवानगी आहे, पण जागा? काही मस्जिदींनी ती केली आहे, त्यांचे मनापासून आभार. बहुतेक ठिकाणी ती नाही.

मोठी इमारत लागत नाही. एक खोली, एक नळ, एक दरवाजा आणि बाहेर रस्त्यावरून दिसेल अशी पाटी : "प्रवासी भगिनींसाठी नमाजची सोय आहे." रस्त्याकाठच्या गावांतल्या मस्जिद कमिट्यांनी एवढे केले तरी हजारो बायकांची सफर सोपी होईल. आणि कमिटी म्हणाली की पैसे नाहीत, तर गावातल्या बायकांनाच निधी जमवायला सांगावे. त्या जमवतात. एडमंटनमध्ये मंदीच्या आणि दुष्काळाच्या वर्षांत मूठभर बायकांनी अख्खी मस्जिद उभी केली होती. इथे तर एका खोलीचाच प्रश्न आहे.

आपल्या रस्त्यावर अशी सोय कुठे आहे, ते आम्हाला जरूर कळवा. गावाचे नाव आणि रस्त्याचा क्रमांक लिहा. इन्शाअल्लाह, त्यांची यादी याच पानावर छापू, म्हणजे पुढच्या सुट्टीत निघणाऱ्या घरांना ती हाताशी राहील.